हमीदचा चिमटा आणि पियाजेचा पेला

शेलूबाजारच्या नावातच बाजार आहे. मंगरूळपीर तालुक्यातले हे गाव आज समृद्धी महामार्गामुळे नागपूर-मुंबईच्या प्रवाशांना ठाऊक झाले आहे. मी सांगतो आहे ती गोष्ट मात्र त्याच्या पुष्कळ आधीची, नव्वदच्या दशकातली. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. तो १९९८च्या जुलैत झाला. आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो, आणि मी डी.एड. होऊन या परिसरातल्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर नुकताच उभा राहिलो होतो.

वर्गात एक मुलगा होता. बापाची केळीची हातगाडी. घरात आपली वऱ्हाडी मुसलमानांची बोली, सकाळी मक्तबमध्ये अरबी अक्षरे, आणि अकरा वाजता माझ्यापुढे मराठी. एकदा मी फळ्यावर उदाहरण घातले : एक डझन केळ्यांची किंमत सहा रुपये, तर पंधरा केळ्यांची किंमत किती? त्याने पाटीवर उत्तर लिहिले, नव्वद रुपये. मी फुली मारली. वर्ग हसला, मीही हसलो. पुढच्या बाजारच्या दिवशी तो बापाच्या गाडीवर उभा होता. मी मुद्दाम पंधरा केळी मागितली. त्याने फणीतून केळी मोडता मोडता सांगितले, ‘साडेसात झाले, सर.’ कसे म्हणून विचारले, तर म्हणाला, ‘डझनाचे सहा. वरतं तीन ऱ्हायले, त्याचा दीड.’ मग पाटीवर नव्वद कसे आले? तो थोडा लाजला. ‘ते तं शाळेतलं गणित हाये, सर. तिथं गुणाकार करा लागते.’

ही गोष्ट गंमत म्हणून मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली आणि विसरून गेलो. वर्षअखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘आकलन कमी’ असा शेरा मी माझ्याच हाताने लिहिला. चौथीनंतर तो शाळेत आला नाही. त्याच्या अब्बांनी एकदा मला रस्त्यात थांबवून अगदी अदबीने म्हटले, ‘सर, आपनेइच लिखे थे ना, इसकू समझता नै करके.’

त्या वाक्याला माझ्याजवळ अजूनही उत्तर नाही. बालविकासाच्या मानसशास्त्राकडे मी पुन्हा वळलो तो त्या वाक्यामुळे. पुढे जे लिहिले आहे, त्यात सिद्धांतांची समीक्षा आहे आणि तितकीच माझ्यासारख्या त्यांच्या वाचकाचीही.

डी.एड.च्या वहीत आमच्याजवळ एक शिडी होती. जाँ पियाजे या स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञाने (१८९६-१९८०) सांगितलेल्या चार अवस्था आम्ही तोंडपाठ केल्या होत्या. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत संवेदक-कारक, दोन ते सात क्रियापूर्व, सात ते अकरा मूर्त क्रियात्मक आणि पुढे औपचारिक क्रियात्मक. या शिडीला पेल्याचा तो प्रसिद्ध प्रयोग जोडलेला असे. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी मुलाला दाखवायचे. मग त्यातल्या एकातले पाणी त्याच्यादेखत उंच, अरुंद पेल्यात ओतायचे आणि विचारायचे, आता जास्त कशात आहे? चार-पाच वर्षांचे मूल उंच पेल्याकडे बोट दाखवते. सात-आठ वर्षांचे म्हणते, तेवढेच तर आहे, नुसते ओतले. आम्ही हे लिहिले, गुण मिळवले आणि शाळेत आलो. मनात ठसले एवढेच, की मूल ही पायऱ्या चढणारी वस्तू आहे आणि कोण कोणत्या पायरीवर अडकले ते तपासून लिहून ठेवणे हे शिक्षकाचे काम.

पियाजे या कामाकडे वळला कसा, ते आम्हाला कोणी सांगितले नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस हा तरुण जीवशास्त्रज्ञ पॅरिसला आला. ज्या बिने यांच्या नावाने बुद्धिमापन ओळखले जाते, त्यांच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळाले. मुलांना ठरावीक प्रश्न विचारायचे आणि बरोबर उत्तरे मोजायची. पियाजेचे मन बरोबर उत्तरांत रमेना. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने मुलांना विचारायला सुरुवात केली, तुला असे का वाटते? पुढचे त्याचे सगळे शास्त्र या प्रश्नातून निघाले. मुलाचे चुकीचे उत्तर म्हणजे अकलेचा अभाव असे नसून ती एक वेगळी, आतून सुसंगत अशी अक्कल असते, हा पियाजेचा खरा शोध. आमच्या वहीत शिडी उतरली, पण तो प्रश्न उतरला नाही. पियाजे माझ्या वर्गात आला असता, तर नव्वदवर फुली मारण्याआधी त्या मुलाशेजारी जमिनीवर बसला असता.

आता या सिद्धांतासमोर एक गोष्ट ठेवून पाहू. ती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ १९३३ साली प्रसिद्ध झाली. रमजानचे तीस रोजे संपले आहेत. चार-पाच वर्षांचा हमीद गावातल्या पोरांबरोबर तीन कोस चालत ईदगाहला निघतो. आईबाप वारले आहेत. अब्बा पैसे कमवायला गेले आहेत आणि अम्मी अल्लाहच्या घरून चांगल्या वस्तू आणायला गेली आहे, असे त्याला सांगितले आहे. घरात फक्त दादी अमीना. खिशात तीन पैसे. महमूद शिपाई घेतो, मोहसिन भिश्ती घेतो, नूरे वकील घेतो. हमीद लोखंडाचा चिमटा घेतो, कारण तव्यावरची पोळी काढताना दादीची बोटे भाजतात.

आमच्या शिडीप्रमाणे हे अशक्य आहे. क्रियापूर्व अवस्थेतले मूल आत्मकेंद्री असते, दुसऱ्याच्या जागेवरून जग कसे दिसते हे त्याला कळत नाही, असे वहीत लिहिले होते. पियाजे आणि त्यांच्या सहकारी बेर्बेल इनहेल्डर यांनी मुलांसमोर तीन डोंगरांचा देखावा ठेवला होता आणि पलीकडे बसवलेल्या बाहुलीला काय दिसत असेल ते विचारले होते. लहान मुले स्वतःला दिसणारे चित्रच निवडत. मग ज्याला बाहुलीचे डोळे कळत नाहीत, त्याला दादीची बोटे कशी कळली? ‘ईदगाह’वर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की प्रेमचंदांनी लहान मुलाच्या धडावर म्हाताऱ्याचे डोके बसवले. तोही इथूनच निघतो.

या आक्षेपाचे एक उत्तर मानसशास्त्राने पुढे स्वतःच दिले. एडिंबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन यांचे मुलांच्या मनावरचे पुस्तक १९७८ साली आले. त्यांचे सहकारी मार्टिन ह्यूज यांनी डोंगरांच्या जागी मुलांना समजेल असा खेळ मांडला. एकमेकींना छेदणाऱ्या भिंती, दोन शिपाई आणि त्यांच्यापासून लपू पाहणारा एक मुलगा. त्याला कुठे लपवावे, म्हणजे दोघांनाही तो दिसणार नाही? साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली. डोंगर कोणी, कशासाठी पाहावेत हे मुलांना ठाऊक नव्हते. लपाछपी त्यांना ठाऊक होती. डोनाल्डसन यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मुलाची अक्कल माणसांच्या हेतूंत गुंतलेली असते. हेतू काढून घेऊन कोरडा प्रश्न विचारला की ते अडते, आणि आपण समजतो की त्याला अक्कलच नाही. हमीदने डोंगर पाहिले नव्हते, भाजलेली बोटे रोज पाहिली होती.

दुसरे उत्तर खुद्द प्रेमचंदांच्या गोष्टीत आहे, आणि ते आपण नीट वाचत नाही. मी स्वतः वर्गात ‘ईदगाह’ सांगताना हमीदला फरिश्ता करून टाकत असे. प्रेमचंदांचा हमीद तसा नाही. खेळण्यांकडे तो आसुसून बघतो, हात लावायला धडपडतो. मिठाई मिळत नाही तेव्हा ती खाणाऱ्यांना फोड येतील असे मनातल्या मनात म्हणून घेतो. चिमटा घेतल्यावर दादी खूश होईल, शेजारणींना दाखवील, दुआ देईल, या कल्पनेत रंगतो. चिमटा हाती आला की लगेच त्याचे खेळणे करतो : खांद्यावर ठेवला की बंदूक, हातात धरला की फकिराचा चिमटा. आणि वाद घालून सगळ्या पोरांना नमवतो. लोभ, मत्सर, फुशारकी, माया हे सगळे एकाच वेळी त्या चार-पाच वर्षांच्या अंगात आहे. शेवटी तर प्रेमचंद कमाल करतात. दादी आधी चिडते, मग रडू लागते, पदर पसरून दुआ मागू लागते. आणि ती का रडते आहे हे हमीदला कळत नाही. बोटे भाजतात हे त्याला कळले होते. सुख आणि दुःख एकाच डोळ्यांतून वाहू शकते हे त्याला अजून कळायचे आहे. मुलाला संमिश्र भावना उलगडायला पुढची काही वर्षे जावी लागतात, हे नंतरच्या संशोधकांनीही नोंदवले आहे. प्रेमचंदांनी मुलाच्या मनाची हद्द कोणत्याही प्रयोगाशिवाय अचूक आखली. म्हाताऱ्याचे डोके बसवले असेलच, तर ते आपण, सांगणाऱ्यांनी बसवले.

चिमट्याची बंदूक होते, या ठिकाणी आणखी एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. ‘ईदगाह’ आली त्याच वर्षी, १९३३मध्ये, लेनिनग्राडला लेव्ह व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिले. त्याचे उदाहरण होते काठीचा घोडा करून पळणारे मूल. व्हायगॉट्स्कीच्या मते काठीचा घोडा होतो त्या क्षणी मूल वस्तूपासून अर्थ सोडवून घेते. पुढच्या सगळ्या अमूर्त विचाराचे ते बी आहे. खेळात मूल आपल्या रोजच्या वयापेक्षा मोठे असते, जणू स्वतःपेक्षा डोकेभर उंच. प्रेमचंद आणि व्हायगॉट्स्की यांनी एकमेकांचे काही वाचल्याचा पुरावा नाही. पण त्या वर्षी बनारसकडच्या एका लेखकाने चिमट्याची बंदूक केली आणि लेनिनग्राडच्या एका शास्त्रज्ञाने काठीचा घोडा का होतो ते सांगितले.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिले. ते पुस्तक संस्कारांचे म्हणून इतके गौरवले गेले, की त्यातली शिकण्याची गोष्ट मागे पडली. पोहण्याचा प्रसंग आठवून पाहा. श्याम भितो, लपून बसतो. आई त्याला बाहेर काढते, मार देते आणि विहिरीवर धाडते. तिथे पाठीला आधार बांधून, पोहणाऱ्यांच्या सोबतीने तो पाण्यात पडतो. घरी आल्यावर तीच आई त्याला जवळ घेते. आजच्या दृष्टीने मार खटकतो आणि तो खटकावाच. पण त्या प्रसंगाचा सांगाडा पाहिला तर व्हायगॉट्स्कीची दुसरी प्रसिद्ध कल्पना तिथे दिसते. मूल एकट्याने काय करू शकते एवढेच पाहू नका. जाणत्या माणसाचा हात असताना काय करू शकते तेही पाहा. या दोहोंमधल्या जागेत वाढ होते. याला पुस्तकी मराठीत ‘समीपस्थ विकासाचे क्षेत्र’ म्हणतात. पाठीचा आधार काही दिवसांनी सुटतो, पोहणे राहते. ज्या साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही लिहिले, त्यांच्या श्यामची आई आणि हमीदची दादी या दोघी मला एकाच अंगणातल्या वाटतात. मूल या दोघींच्या हाताशी वाढते.

इथे आपल्या समाजातल्या एका जुन्या भीतीविषयी बोलले पाहिजे. आपल्या कित्येक घरांत मुले दादी, नानी, खाला, मोठी बहीण यांच्या अंगाखांद्यावर वाढतात. डी.एड.च्या वहीत जॉन बोल्बी यांच्या नावावर लिहिले होते, की आईपासून दूर वाढलेल्या मुलाचा भावनिक विकास खुंटतो. बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेला अहवाल पाहिला, तर त्यांनी आई किंवा आईची जागा कायम घेणारी व्यक्ती असे म्हटले आहे. नात्यातला ऊबदारपणा आणि सातत्य यांवर त्यांचा भर आहे. ‘किंवा’च्या पुढचा भाग आमच्या वहीपर्यंत पोहोचला नाही. अमीना त्या ‘किंवा’मध्ये आहे. आईबाप वारलेला हमीद मेळ्यात तीन कोस लांब जाऊ शकतो, याचे कारण घरी परतण्याजोगे एक माणूस आहे, याची त्याला खात्री आहे.

व्हायगॉट्स्की मला जवळचा वाटतो, तरी त्याच्या घराण्याचाही एक दोष सांगितला पाहिजे, कारण तो थेट आपल्यासारख्यांशी संबंधित आहे. १९३१-३२मध्ये त्याचे सहकारी अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तानात गेले. तिथल्या निरक्षर मुसलमान शेतकऱ्यांना त्यांनी तर्काची कोडी घातली. दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक गाव उत्तरेला आहे. तिथली अस्वले कोणत्या रंगाची? शेतकरी म्हणत, आम्ही तिथे गेलो नाही, ज्याने पाहिले त्याला विचारा. लुरियांनी याचा अर्थ असा लावला, की या माणसांचा विचार मूर्त अनुभवापलीकडे जात नाही. शाळा आणि सामूहिक शेती आली की तो जाईल. हे पुस्तक सोव्हिएत संघात १९७४पर्यंत निघू शकले नाही, हा भाग निराळा. पण आपण त्या शेतकऱ्याच्या जागी क्षणभर बसून पाहू. ज्या समाजात न पाहिलेल्या गोष्टीची गवाही देणे हा गुन्हा मानला जातो, तिथे परक्या सरकारी माणसासमोर त्याने दिलेले उत्तर मंदबुद्धीचे आहे की सावध आणि प्रामाणिक? लुरियांची निरीक्षणे मोलाची आहेत. चूक झाली ती उत्तर शिडीवर मांडताना. अडाणी माणूस, रानटी माणूस आणि लहान मूल यांना एकाच पायरीवर बसवण्याची खोड युरोपच्या विचारात जुनी होती. क्रांतीनेही ती गेली नाही. आपल्या शाळेत ‘या मोहल्ल्याची मुले जरा कमीच’ असे एखादा शिक्षक सहज बोलतो, तेव्हा तीच शिडी त्याच्या हातात असते. माझ्याही हातात होती.

आता परत केळ्यांच्या गाडीपाशी येतो. माझ्या वर्गात जे घडले त्याच सुमाराच्या थोडे आधी, १९८५ साली, ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. टेरेझिना काराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात विक्री करणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून जाऊन हिशेब विचारले. सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. मग त्याच मुलांना तेच हिशेब कागदावर, नुसत्या आकड्यांत दिले. तेव्हा बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर आली. पस्तीसला एक नारळ, तर दहा नारळ केवढ्याला? बाजारातला बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तीन, आणखी तीन, आणि वर एक, तीनशे पन्नास. दहाने गुणताना एक शून्य द्यायचे हे शाळेचे ज्ञान त्याने वापरले नाही, त्याची त्याला गरजही पडली नाही. माझा विद्यार्थी डझन आणि वर तीन अशी फोड करत होता ती हीच रीत. मुलगा गणितात कच्चा नव्हता. त्याच्याजवळ एक गणित होते आणि शाळेने त्याच्यावर दुसरे ठेवले होते; दोघांमध्ये पूल बांधायचे काम माझे होते.

हा पूल अजूनही बांधलेला नाही. २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले तोंडी गुंतागुंतीचे व्यवहार झपाट्याने करतात आणि शाळेच्या साध्या भागाकारापाशी अडतात. उलट, शाळेतच जाणारी मुले कागदावरचे गणित बरे सोडवतात, पण बाजारातला तोच हिशेब त्यांना जड जातो. म्हणजे नुकसान दोन्हीकडे आहे, एकट्या गरिबाच्या पोराचे नव्हे. अर्थात यावरून मुलांना गाडीवर उभे करावे, असे कोणी म्हणू नये. गाडीवरचा मुलगा हुशार आहे, म्हणून तो गाडीवरच बरा, हा निष्कर्ष सर्वांत सोयीचा आणि सर्वांत क्रूर आहे. तो हुशार आहे म्हणूनच त्याची जागा वर्गात आहे.

भाषेचीही गोष्ट अशीच. घरी एक बोली, मक्तबमध्ये अरबी, शाळेत मराठी किंवा उर्दू, बाजारात वऱ्हाडी; एवढ्या भाषांच्या ओझ्याने मुलाचा विकास मंदावतो, असे आमच्या पिढीतले शिक्षक मानत आणि पालकांना तसे सांगत. मोंट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी १९६२ साली दहा वर्षांच्या द्विभाषिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हाच हा समज डळमळला होता. दोन्ही भाषा नीट येणारी मुले एकभाषिकांच्या मागे नव्हती, अनेक चाचण्यांत पुढे होती. अट एवढीच, की मुलाची कोणतीही भाषा त्याच्या लाजेचे कारण होता कामा नये. एकाग्र होऊन काम करणारे मूल स्वतःशी पुटपुटते. पियाजेला ते पुटपुटणे आत्मकेंद्रीपणाची खूण वाटले आणि वयाबरोबर विरणारे वाटले. व्हायगॉट्स्की म्हणाला, ते विरत नाही, आत जाते. तोच पुढे आपला विचार होतो. माझ्या वर्गातला तो मुलगा गणित करताना काही तरी पुटपुटत असे. मी त्याला गप्प बसवत असे. तो कोणत्या भाषेत पुटपुटत होता, ते मी कधी ऐकले नाही.

याचा अर्थ सिद्धांत परके आणि म्हणून टाकाऊ, असा नाही. सिद्धांत घेऊन मुलाच्या दारी कसे जावे याचा मोठा धडा महाराष्ट्रातच गिरवला गेला आहे. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) लग्नानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी मॉन्टेसोरी पद्धतीचे काम केले. १९४५मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभे केले आणि १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. महागडी साधने आदिवासी पाड्यावर चालणार नव्हती. त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने यांतून साधने केली. मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या खटाटोपातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले आणि ते देशभर गेले. मुलाला शिडीपाशी बोलावण्याऐवजी शिडी मोडून तिच्या लाकडाची खेळणी करणे, असे मी त्या कामाचे वर्णन करीन.

शेवटी आपल्या लेखनाविषयी. १९९०मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण पुष्कळ लिहिले. ओळख, दारिद्र्य, दंगल, स्त्रियांची दुःखे हे सारे आले, आणि येणे जरूरच होते. पण माझ्या वाचनात आलेल्या आपल्या कथा-कवितांत मूल बहुधा दोनच रूपांत भेटते : दंगलीत हरवलेले, नाही तर वेळेआधी शहाणे झालेले. दोन्ही रूपांत ते मोठ्यांच्या दुःखाचा पुरावा म्हणून उभे असते. स्वतःशी पुटपुटणारे, खोटे बोलणारे, मित्राचा हेवा करणारे, मक्तबच्या खिडकीतून पतंग बघणारे मूल क्वचितच भेटते. प्रकाश नारायण संतांनी ‘वनवास’पासून पुढे लंपन नावाचा मुलगा मराठीला दिला. तोही आईबापांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा, कानडी-मराठीच्या सरमिसळीत राहणारा. पण संतांनी त्याला कुठल्याही दुःखाचा प्रतिनिधी केले नाही. त्याला त्याचे ‘म्याड’ असे जग दिले आणि आपण बाजूला झाले. आपल्या घरांतला लंपन अजून लिहायचा आहे. त्याची बहीण तर मुळीच लिहिलेली नाही. धाकट्याला कडेवर घेऊन अंगणात एका पायावर लंगडी खेळणारी ती मुलगी आपण रोज पाहतो आणि ‘किती समजूतदार’ म्हणून पुढे जातो. समजूतदार हा शब्द आपण तिला बक्षीस म्हणून देतो, पण पुष्कळदा तो तिच्या वाट्याचा खेळ काढून घेतल्याची पावती असतो.

कॅरोल गिलिगन यांनी १९८२मध्ये लॉरेन्स कोहलबर्ग यांच्या नैतिक विकासाच्या पायऱ्यांवर असाच आक्षेप घेतला होता. त्या पायऱ्या मुलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या, अभ्यासातून बांधलेल्या होत्या. त्यांवर न्यायाच्या तत्त्वाने बोलणारा वर जाई आणि कोणाला दुखेल, कोणाची काळजी घ्यावी असे बोलणारी मुलगी खालीच राही. हमीद कोहलबर्गच्या शिडीवर कुठे बसेल? दादी शाबासकी देईल म्हणून चिमटा घेतो, म्हणजे अगदी वर नाही. पण काळजीच्या मापाने मोजले, तर त्याच्याहून मोठे त्या मेळ्यात कोणी नव्हते.

दर ईदला आपण हमीदची गोष्ट सांगतो आणि डोळे पुसतो. यंदा सांगताना मुलांना ती पूर्ण सांगावी, असे मला वाटते. हमीदला खेळणे हवे होते, हे सांगावे. त्याने मिठाईवरून मनात शाप दिले, हेही सांगावे. आणि एखाद्या मुलाने विचारले, की मग हमीदला खेळणे कोणी का नाही दिले, तर त्याला गप्प बसवू नये. तो प्रश्न चिमट्याइतकाच मोलाचा आहे.

माझा विद्यार्थी आता चाळिशीपलीकडे असेल. त्याच्या पाटीवरचे नव्वद मी अजून पुसलेले नाही. पंधरा गुणिले सहा, नव्वद. गुणाकार अगदी बरोबर होता. एवढेच त्याला त्या दिवशी म्हणून, मग ‘गाडीवर कसा हिशेब करतोस, तसा इथे करून दाखव’ असे सांगायला मला एक मिनिट लागले असते.